न वाजवता घेतलेली करवत

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, कुठलीही वस्तू वाजवल्याशिवाय घ्यायची सवय नव्हती. कुंभाराचं मडकं बोटाच्या पेरानं वाजवायचं, रुपया दगडावर आपटून ऐकायचा, तांब्या कानाशी धरून त्याला टिचकी मारायची. टरबूज काय, सगळेच वाजवून घेतात. पण दादा गाडीचं चाक, विहिरीचा रहाट, दुसऱ्याच्या घरातली बाजसुद्धा जाता जाता ठोकून बघत. माय म्हणायची, "मला बघायला आले तवा मधी चार माणसं बसली होती म्हणून वाचले. न्हाई तर मला बी टिचकी मारून बघितलं असतं." त्यावर दादा न हसता सांगत, की तू आतून पाण्याचा तांब्या जसा आदळलास, त्या आवाजावरनंच मी तुला ओळखलं होतं. नव्या माणसाला दादा संशयी वाटत. तसं काही नव्हतं. ते सुतार होते, डोळ्यांना रंग लावून फसवता येतं आणि कानाला येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आमचं घर पुसेगावात, गावाच्या कडेला. पहाटे मायचं जातं सुरू व्हायचं आणि ते थांबतं न थांबतं तोच कानशीचा आवाज. करवतीच्या एकेका दाताला कानस लावत नामाकाका ओट्यावर बसलेला असायचा. अंगावर काटा येईल असा तो आवाज, पण मला त्याच आवाजानं जाग यायची आणि तो नसला की चुकल्यासारखं व्हायचं. नामाकाका दादांचा धाकटा भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले, त्यामुळं दादांनी आणि मायनंच त्याला वाढवला होता. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनीच मोठा, म्हणून मी त्याला अरेतुरे करायचे आणि मायच्या शिव्या खायचे. आमच्या भाकरीत, कढीत, अंबाडीच्या भाजीत लाकडाचा भुसा सापडायचाच. काका म्हणायचा, सागाचा भुसा असला तर पाव्हणे आलेत असं समजायचं, बाभळीचा असला तर घरचीच माणसं.

नांगर-वखराचं काम गावकीचं होतं, त्यावर धान्य यायचं. पण घर चालायचं ते मोठे ओंडके चिरून फळ्या पाडायच्या कामावर. आजकाल कुणी ते बघितलेलं नाही म्हणून सांगते. जाड लाकडांची उंच घोडी बांधायची, तिच्यावर ओंडका चढवायचा, काजळीत बुडवलेल्या दोरीनं त्याच्यावर रेघ मारायची. मग एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली. मधे पुरुषभर लांबीची करवत, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. वरच्यानं रेघ सांभाळायची, खालच्यानं सगळं अंग टाकून ओढायचं. दादा वर असत, काका खाली. सगळा भुसा खालच्याच्या तोंडावर पडतो. काका नाकाला फडकं बांधायचा, पण डोळ्यांना काय बांधणार? रोज संध्याकाळी त्याचे डोळे मिरची गेल्यासारखे लाल. माय त्यात तुपाचा थेंब सोडायची, आणि काकू दाराआड उभी राहून बघायची.

काकूबद्दल आधी सांगायला हवं. लग्न होऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि दादांनी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही, पदर कपाळाखाली ओढून बाजूला व्हायचं, ही रीत. दादांना काही सांगायचं झालं तर ती माझ्या कानात सांगे, मी अंगणात जाऊन ओरडत असे. पण दादा घराबाहेर गेले की हीच बाई अशा नकला करायची, की माय पोट धरून हसायची आणि मग चुलीतलं लाकूड दाखवून गप्प करायची. त्या वर्षी तिला दिवस गेले होते. करपलेली भाकरी खायचे डोहाळे. मी मुद्दाम तिच्यासाठी भाकरी करपवायचे.

लढाई चालू होती. कुठं चालू होती ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण बाजारातून लोखंड गेलं ते त्या लढाईनं नेलं, एवढं कळत होतं. आमची करवत कानशीनं घासून घासून चार बोटं उरली होती. रेघ सोडून भलतीकडंच चालायची, एवढा मोठा साग वाया जायचा. नवी मिळेना, हिंगोलीला नाही, नांदेडला नाही. काम बसलं. आणि तेव्हा काकू हट्टाला पेटली, की आता हे खाली उभं राहणं पुरे, हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तिच्या माहेरच्या माणसांबरोबर काकानं कामाला जावं, डोळे तरी राहतील. काका हो-नाही करता करता तयार झाला. येत्या सोमवारी निघायचं ठरलं.  दादा दोन दिवस नुसते वाकस घेऊन एकच लाकूड तासत बसले. लेकरासारखा वाढवलेला भाऊ घरातून निघाला होता, आणि करवत मिळाली तरच तो राहणार होता. दादांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

मी तेव्हा गोरेगावला मावशीकडं राहायला गेले होते. मावशीनंच निरोप पाठवला, की इथला करवत चालवणारा तापानं गेला, त्याची विलायती करवत घरात टांगलेली आहे, म्हातारा बाप विकायच्या विचारात आहे. दुसऱ्याच दिवशी दादा आणि काका गाडी जुंपून आले. मला घरी न्यायचं होतंच, म्हणून मीही त्यांच्याबरोबर त्या घरी गेले. मरण होऊन पाचच दिवस झालेले. अंगणात चूल थंड, ओसरीवर म्हातारबा घोंगडीवर बसलेले. त्यांच्या डोळ्यांत पांढरी साय धरल्यासारखी होती. काहीच दिसत नव्हतं त्यांना. दादांनी हळूच विचारलं, तुम्ही खाली उभे राहायचात का? म्हातारबा म्हणाले, जन्मभर. काकानं मान फिरवली. मी दादांकडं बघत होते, आणि दादा काकाकडं.

करवत आढ्याजवळ दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली होती. दोघांनी ती खाली घेतली. दादांनी ती उजेडात धरून तिच्या कडेवर डोळा लावला, पातं कुठं वाकलंय का बघितलं. दोन्ही टोकं धरून कमानीसारखी वाकवली, सोडली, ती सरळ झाली. दातांवरून अंगठा फिरवला, एकही दात खचलेला नव्हता. पात्याची रुंदी वीतभराला थोडी कमी, म्हणजे अजून दहा वर्षं घासली तरी चालेल. सगळ्या पात्यावर तेलाचा जाड थर होता आणि त्यावर धूळ बसली होती. म्हातारबांनी हात पुढं केला, त्यांच्या मांडीवर ते पातं ठेवल्यावर त्यांनी त्याच्यावरून बोटं फिरवली. म्हणाले, माझं लेकरू फार जपायचं हिला, बघा कसं तेल लावून ठेवलंय. 

आता फक्त वाजवायची राहिली होती. करवतीचं खरं पारखणं तेच. दोरीनं अधांतरी टांगायची आणि पेर मारायचं. धड असली तर आवाज घुमत राहतो, कुठं चीर असली तर आवाज तिथंच मरतो. दादांचा हात सवयीनं वर गेला आणि थांबला. सुतकाच्या घरात देवापुढची घंटासुद्धा दहा दिवस वाजत नाही. ताटाला वाटी लागू देत नाहीत. बापाच्या मांडीवर मेलेल्या लेकाची करवत ठेवून ती वाजवायची कशी? म्हातारबाही कसबी माणूस, त्यांना तो थांबलेला हात न दिसताच कळला. ते म्हणाले, "पाव्हणं, वाजवल्याबिगर घेऊ नये, मला ठाव हाय. दहावा होऊ द्या. मंग या, वाजवा आन न्या. मी कोणाला द्यायचो न्हाई."

किती सरळ गोष्ट होती. पाच दिवस थांबायचं. पण मधे सोमवार होता. दादा म्हणाले, तुमच्या लेकाचा हात फिरलाय हिच्यावर, मला तेवढं पुरे. आणि पैसे पुढं केले.

परतीच्या वाटेवर गाव मागं पडलं. ओढ्याकाठी बैल पाणी प्यायला थांबवले, मावशीनं बांधून दिलेल्या भाकरी आणि जवसाची चटणी आम्ही सोडली. काका खुशीत होता. करवतीवरचं पोतं बाजूला करून तो म्हणाला, "दादा, आता वाजवून बघू का? इथं कोणाचं सुतक?" दादा भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "आन फुटकी निघाली तर? त्या आंधळ्याच्या दारात परत नेऊन टाकणार हाईस का?" काका विचार करून म्हणाला, न्हाई. "मंग झाकून ठेव. ज्याचं उत्तर आपल्याला चालायचं न्हाई ते इचारू नये." काकानं पोतं नीट ओढून घेतलं. वर म्हणालाही, की खरं आहे, घरात आणलेल्या सुनेचे दात कोणी मोजतं का.

या वाक्यावर मी आयुष्यभर चिडत आले आहे. ज्याचं उत्तर चालायचं नाही तेच तर विचारायचं असतं. पण मी तिथं भाकरी खात होते, आणि खोटं कशाला सांगू, मला ते बोलणं फार मोठ्या मनाचं वाटलं होतं. अजूनही कधीकधी वाटतं. परत द्यायची नव्हती तर नका देऊ, पण जाणून तर घ्यायचं, आणि खुंटीला टांगून ठेवायची. भिडेपायी माणसं मरतात हो आपल्याकडं. तापानं मरतात तितकीच.

गाडीत दादांनी आणखी एक गोष्ट काकाला सांगितली. आजपासून अर्धा दिवस मी खाली, अर्धा दिवस तू. त्या म्हातारबांचे डोळे त्यांच्या डोक्यातून जात नव्हते. घरी आल्यावर काकूला हे मी सांगितलं. ती म्हणाली, बरं, एवढं म्हणताहेत तर राहू द्या. सोमवार आला आणि गेला. काका घरीच राहिला.

करवतीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाटलाच्या वाड्याच्या तुळयांचं काम सुरू झालं. काय चालायची ती करवत! पहिले सात-आठ दिवस घरात नुसतं तिचंच कौतुक. सकाळी दादा खाली, काका वर. दुपारची भाकरी झाली की उलट. रात्री जेवताना दादांचेही डोळे लाल, आणि काका त्यांना म्हणायचा, आता कळलं का? दादा हसायचे. मी दादांना इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं. म्हणून मला ते दिवस विसरता येत नाहीत.

त्या दिवशी मी आणि माय भाकरी घेऊन गेलो होतो. वांग्याचं भरीत होतं. जेवण झालं, काका पाणी प्यायला, फडकं नाकावर बांधून खाली उतरला. मी भांडी गोळा करत होते. करवतीची लय लागली होती, दोघांचा श्वास एका तालात, आणि मधेच कट्कन आवाज झाला. फार मोठा नव्हता. वाळकी फांदी मोडावी एवढाच. पातं खालच्या मुठीपासून दोन विता वर तुटलं. काकानं सगळं अंग टाकून ओढलेलं, तो तसाच पाठीवर गेला आणि मुठीला धरलेला तुकडा दातांसकट त्याच्या मांडीत बसला. दादांनी वरून उडी मारली. मायनं लुगड्याचा पदर टरकावून मांडी आवळली. काका म्हणत होता, काही न्हाई झालं, वैनी, काही न्हाई झालं.

रक्त थांबलं. हळद भरली, वैद्यानं पाला बांधला. आठवडाभर काका ओट्यावर बसून गप्पा मारत होता, मला चिडवत होता. दादांनी मात्र तुटलेले दोन्ही तुकडे घरात आणले होते आणि ते तुटलेली कड पुन्हा पुन्हा बघत बसत. मलाही दाखवली. अर्धी कड नवी, चांदीसारखी पांढरी. अर्धी तांबूस, गंजलेली. म्हणजे निम्मी चीर आधीचीच होती, कितीतरी जुनी. गोरेगावचा तो मेलेला माणूस अडाणी नव्हता. त्याला चीर कळली होती, म्हणून त्यानं करवत कामातून काढून तेल लावून उंच टांगून ठेवली होती. बापाला सांगायचं राहिलं, किंवा सांगावंसं वाटलं नाही. आंधळ्या बापाला ते तेल म्हणजे लेकाची माया वाटली, आणि आमच्या दादांनाही तेच वाटलं.

मग एके सकाळी काका म्हणाला, भाकरी चावत नाही, जबडा आखडल्यासारखा झालाय. वैद्यानं बघितलं आणि दादांना बाहेर बोलावलं. धनुर्वात. हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, पण पहिल्याच दगडावर चाक आदळलं तसा काका कमानीसारखा वाकला, टाच आणि डोकं तेवढंच टेकलेलं. गावाच्या शिवेवरून गाडी परत आली. वैद्य म्हणाले, आता फक्त आवाज होऊ देऊ नका. जरा कुठं खट् झालं की झटका येईल.

आमच्या घरात आवाज बंद झाला. बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडल्या. जातं थांबलं, शेजारणीकडून पीठ आणायचं. मी पायातले वाळे काढले, काकूनं बांगड्यांवर चिंध्या गुंडाळल्या. दाराच्या बिजागरीत तेल, चुलीपाशी भांड्याखाली फडकं. कोंबड्या दुसऱ्याच्या घरी दिल्या. दादा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानंच थांबवत. ज्या माणसानं जन्मभर सगळं वाजवून बघितलं, तो आता पाणी प्यालेला तांब्या दोन्ही हातांनी जमिनीवर टेकवत होता. एकदा माझ्या हातून पळी पडली. मी तो आवाज आणि त्यानंतर काकाचं जे झालं ते लिहिणार नाही. मला कुणी रागावलं नाही, तेही लिहिण्यासारखं नाही.

काका गेला तेव्हासुद्धा कुणी मोठ्यानं रडलं नाही. सवयच मोडली होती. बायका आल्या आणि त्यांनी गळा काढला तेव्हा मायनं दचकून तोंडावर बोट ठेवलं, मग तिच्या लक्षात आलं.

सुतक चालू होतं. कळमनुरीकडचा एक सुतार आमच्याकडं आला. त्यालाही कळलं होतं, की इथं विलायती करवतीचा मोठा तुकडा पडून आहे. लोखंडाची तीच टंचाई, तोही बिचारा काय करणार. वरचा तुकडा चांगला दोन-अडीच हात लांब होता, भोक पाडून नवी मूठ बसवली की लहान ओंडक्यांना चालला असता. दारात त्याच्याबरोबरचा एक तरुण पोरगा बैल धरून उभा होता. सुतार ओसरीवर बसला, दोन शब्द दुःखाचे बोलला, मग तुकडा हातात घेतला. कडेवर डोळा लावला. वाकवून बघितला. दातांवरून अंगठा फिरवला. मी खांबाला टेकून बघत होते, आणि गोरेगावचं ते अंगण जसंच्या तसं माझ्या पुढं आलं. त्याचा हात वर गेला आणि थांबला. त्यानं आतल्या दाराकडं बघितलं, हात खाली घेतला. म्हणाला, ठीक दिसतोय, नेतो.

दादांचे ओठ हलले. आवाज निघेना. इतके दिवस दाबून धरलेला घसा तो, की मनात दुसरं काही होतं, मला माहीत नाही. ते नुसते त्या माणसाच्या हातातल्या पात्याकडं बघत राहिले.

तेव्हा दाराआडून आवाज आला. मोठा नव्हता, पण साफ होता. "भाऊ, तुमच्या करवतीखाली कोण उभं राहतंय?"

दादांनी मान वळवली. तो आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. सुतार गोंधळला, दाराकडं न बघताच म्हणाला, धाकटा भाऊ हाय, बाई. तो बाहेर उभा हाय तो.

"मंग वाजवून बघा."

"बाई, सुतक हाय तुमच्या घरात."

"म्हणूनच सांगते. वाजवा."

सुतारानं दादांकडं बघितलं. दादा उठले, आढ्याला दोरी बांधली आणि पातं स्वतःच्या हातानं टांगलं. सुतारानं पेर मारलं. ठस्स. फुटक्या मडक्यासारखा आवाज, जागच्या जागी मेला. त्यानं पुन्हा एकदा दुसऱ्या ठिकाणी मारलं. पुन्हा तेच. त्याच्यातही कुठंतरी चीर होती.  सुतार दाराच्या दिशेनं हात जोडून बाहेर गेला, आणि बैल धरलेल्या भावाच्या पाठीवर हात ठेवून दोघं निघून गेले.

दादा दाराकडं तोंड करून उभे होते. आत काकू दिसत नव्हती, तिचे हात तेवढे उंबऱ्याजवळ दिसत होते, बांगड्यांविना, मोकळे. दादा तिला म्हणाले, "बरं केलंस, माय." आणि मग ते रडले, अगदी मोठ्यानं, शेजारची माणसं धावत येतील इतक्या मोठ्यानं. त्या दिवसापासून आमच्या घरात काकू दादांसमोर बोलू लागली, आणि मडकं घ्यायचं असो की तांब्या, तीच वाजवून घ्यायची.